पेटीतील सुपरहिरोंचा संघ : नव्वदच्या दशकातील कॉमिक्सचे पुनर्वाचन

प्रतिनिधी, भुईगाव (वसई)

पावसाळ्याच्या तोंडावर भुईगावच्या आमच्या घराचा माळा आवरताना पत्र्याची एक जुनी पेटी उघडली. आत सुतळीने बांधलेली कॉमिक्सची चळत होती. थोरल्या चुलतभावाने १९९० च्या दशकात, शाळकरी वयात, ती जमवली होती. समुद्र जवळ असल्याने येथील हवेत खार असतो. त्या खाऱ्या, दमट हवेने पिना गंजल्या होत्या आणि पाने तपकिरी पडून कडांनी तुटू लागली होती. मुखपृष्ठांवरचा रंग मात्र अजून भडक होता. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, अँथनी अशी नावे त्यांवर होती.

दोन रात्रींत ती चळत वाचून झाली. लहानपणी या पानांवर आम्ही फक्त हाणामारीची चित्रे पाहिली होती. कोण कोणाच्या बाजूला उभे आहे, हे पाहिले नव्हते. आज वाचताना नेमके तेच आधी डोळ्यांत भरते. या कथांतील सुपरहिरोंच्या संघात कोण कोण आहे, ते कोठून आले आणि त्यांना कशाने एकत्र बांधले, हा प्रश्न कथानकापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. कारण ही कॉमिक्स ज्या वर्षांत छापली गेली, त्याच वर्षांत मुंबईत शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला होता.

इंद्रजालचा वारसा

सुपरहिरोंचा संघ ही मूळची अमेरिकी कल्पना. तेथे १९६० मध्ये ‘जस्टिस लीग’, १९६१ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ आणि १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ व ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे संघ अवतरले. ऑक्टोबर १९९१ च्या तारखेने निघालेल्या ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती वितरित झाल्या आणि तो विक्रम ठरला. त्या काळातील भारतीय वाचकाला मात्र या संघांची ओळख तुरळकच होती. त्याच्या कॉमिक्स-वाचनाचा पाया ‘इंद्रजाल’ने घातला होता.

बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा फँटम, म्हणजे आपला ‘वेताळ’, आणि जादूगार मॅन्ड्रेक हे इंग्रजी, हिंदीसह मराठी आवृत्तीतूनही घरोघरी पोहोचले. १९९० मध्ये इंद्रजालचे प्रकाशन थांबले. रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात मराठीतून नियमित मिळणारे साहसकथांचे चित्रमय साप्ताहिक त्याबरोबर संपले.

याच इंद्रजालमध्ये डिसेंबर १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा पहिला ठळक भारतीय नायक आला. त्याचे जनक आबिद सुरती. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण एका दरोडेखोराचा मुलगा. बापाच्या मार्गाने न जाता तो गावकऱ्यांना संघटित करतो आणि ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारतो. भारतीय कॉमिक्समधील संघाची कल्पना येथे प्रथम स्पष्ट दिसते, आणि तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. या दलात दैवी शक्ती असलेला एकही सदस्य नाही. आबिद सुरती पुढे आपल्या वसई खाडीच्या पलीकडे, मीरा रोडला राहिले. २००७ मध्ये त्यांनी ‘ड्रॉप डेड’ ही संस्था सुरू केली आणि रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम आरंभले. नागरिकांनीच नागरिकांसाठी पुढे यावे, हा बहादूरच्या कथेतील विचार निर्मात्याने स्वतःच्या उपनगरात अमलात आणला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

दिल्लीचे प्रकाशन, पुण्याचा कुंचला

इंद्रजाल मंदावत असतानाच दिल्लीच्या ‘राज कॉमिक्स’ने जोर धरला. १९८६ मध्ये ‘नागराज’ आणि एप्रिल १९८७ मध्ये ‘प्रतिशोध की ज्वाला’ या कॉमिकमधून ‘सुपर कमांडो ध्रुव’ वाचकांसमोर आला. नियमित अंक ३२ पानांचा, तर ‘विशेषांक’ त्याहून जाड. दशकाच्या आरंभी साध्या अंकाची किंमत दहा रुपयांच्या आत होती. ती रक्कमही एका मुलाच्या खिशाला परवडत नसे. त्यामुळे कॉमिक्स भाड्याने आणली जात, अदलाबदलीने फिरत आणि शेवटी रद्दीच्या दुकानातून पुन्हा एखाद्या नव्या वाचकाकडे जात.

ही कॉमिक्स हिंदी होती. मात्र त्यांच्या जडणघडणीत मराठी हातांचा वाटा मोठा होता, याची नोंद आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही. नागराजची पहिली कथा परशुराम शर्मा यांनी लिहिली आणि त्याला रूप दिले ते पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी. ‘अमर चित्र कथा’च्या अनेक पुस्तकांमुळे मुळीकांची शैली देशभर परिचित झाली होती. पौराणिक पुरुषांचे पीळदार देह, वस्त्रांच्या चुण्या आणि गर्दीची प्रसंगचित्रे यांवर त्यांचा हात बसलेला होता. हिरव्या कायेचा, अंगावर खवले असलेला नागराज पाहताना एखादा पुराणपुरुष आधुनिक शहरात उतरल्याचा भास होतो, त्याचे कारण हे आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नागराजवर मुळीकांच्या रेषेची छाप राहिली. पुढे ध्रुवचे निर्माते अनुपम सिन्हा यांच्याकडे नागराजही आला आणि त्याची अंगकाठी, चेहरा व कथानकाचा वेग हे सारे बदलले. ‘भोकाल’ या प्राचीन काळात घडणाऱ्या मालिकेची चित्रे दिलीप कदम यांच्या स्टुडिओतून आली. तेही ‘अमर चित्र कथा’च्याच परंपरेतले.

मराठी चित्रकारांनी रेखाटलेले सुपरहिरो मराठी मुलांनी हिंदीतून वाचले, असे हे चित्र आहे. भुईगाव, गास, निर्मळ, गिरीज या पट्ट्यातील अनेक मुलांच्या घरी कुपारी किंवा अन्य बोली बोलली जाई, शाळेत प्रमाण मराठी, आणि साहसकथांची भाषा हिंदी.

संघ कसा उभा राहिला

नागराज आणि ध्रुव हे दोन ध्रुवच म्हणावे लागतील. नागराज हा प्राध्यापक नागमणी याने दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी तयार केलेले शस्त्र. त्याच्या शरीरात असंख्य साप वसतात, श्वासात विष आहे. बाबा गोरखनाथ त्याच्या मेंदूतील नियंत्रक यंत्र काढून टाकतात आणि तो स्वतंत्र होतो. ध्रुवकडे यातले काहीच नाही. तो ज्युपिटर सर्कशीतील झोपाळ्यावरच्या कलावंतांचा, श्याम आणि राधा यांचा, मुलगा. प्रतिस्पर्धी ग्लोब सर्कशीच्या कारस्थानामुळे लागलेल्या आगीत तो आईवडिलांना गमावतो. पोलीस अधिकारी राजन मेहरा त्याला दत्तक घेतात. प्राण्यांशी संवाद, मोटारसायकलवरील हुकमत, शालेय विज्ञानाचा प्रसंगानुरूप वापर आणि शाबूत डोके, एवढीच त्याची सामग्री.

या दोघांना प्रथमच आमनेसामने आणणारा ‘नागराज और सुपर कमांडो ध्रुव’ हा विशेषांक म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. दोन लोकप्रिय नायक एकत्र आणले की खप वाढतो, हे व्यापारी गणित त्यामागे होतेच. ‘राजनगर की तबाही’सारख्या पुढील कथांतही ते स्पष्ट आहे. परंतु या अंकांत एक आंतरिक शिस्तही आढळते. कोणाचेही बळ एकट्याने पुरे पडणार नाही, अशा बेताने संकट रचलेले असते. नागराजच्या विषाचा उपयोग नसतो तेथे ध्रुवचे रसायनशास्त्र कामी येते आणि ध्रुवचे मानवी शरीर थकते तेथे नागराज पुढे होतो. दिल्लीचा परमाणु, शक्ती आणि इतर पात्रे जोडत जाऊन पुढे ‘ब्रह्मांड रक्षक’ या नावाने सुपरहिरोंचा संघ साकारला. अमेरिकी संघांचा नमुना येथे उघडच दिसतो.

या मोठ्या संघापेक्षा ध्रुवची छोटी ‘कमांडो फोर्स’ आज अधिक वाचनीय वाटते. तिचे कॅडेट तीन : पीटर, करीम आणि रेणू. अद्‌भुत शक्ती कोणाकडेच नाही. पीटर ख्रिस्ती, करीम मुस्लिम, रेणू हिंदू आणि मुलगी. सर्वधर्मसमभावाचा हा ढोबळ ठोकताळा हिंदी चित्रपटातून उचललेला आहे, अशी टीका सहज करता येईल. तरीही एक बाब नोंदवावी लागते. या तिघांच्या धर्माची कथेत चर्चा होत नाही, त्यावर भाषणे नाहीत, कोणाला आपली निष्ठा सिद्ध करावी लागत नाही. ते कामावर येतात, काम करतात. आठ-दहा वर्षांच्या वाचकाच्या मनात ही गोष्ट उपदेशाशिवाय रुजत असे.

मुंबईचा रखवालदार

राज कॉमिक्सची बहुतेक शहरे काल्पनिक आहेत. राजनगर, महानगर, रूपनगर ही नावे नकाशावर सापडणार नाहीत. ‘डोगा’ मात्र मुंबईचा. तरुणकुमार वाही, संजय गुप्ता आणि चित्रकार मनू यांच्या या पात्राचे पहिले कॉमिक १९९२ मध्ये आले. त्याचे नाव ‘कर्फ्यू’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि पाठोपाठ जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत उसळलेल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली आणि संचारबंदी हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी आणखी २५७ जणांचा बळी घेतला. शीर्षकाचा हा योगायोग होता. पण त्या वर्षी ते कॉमिक हातात घेणाऱ्या मुलासाठी तो केवळ योगायोग राहिला नसेल.

डोगाची जन्मकथा पुन्हा वाचताना म्हणूनच थबकायला होते. कचऱ्यात टाकून दिलेले एक अर्भक हलकानसिंह नावाच्या डाकूच्या हाती लागते. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हे कोणालाच ठाऊक नाही. मोठा झाल्यावर तो मुलगा, सूरज, मुंबईत येतो. तेथे ‘लायन जिम’ चालवणारे अदरक चाचा आणि त्यांचे भाऊ हल्दी, धनिया व कालीमिर्च त्याला घडवतात. व्यायाम, मुष्टियुद्ध, नेमबाजी अशी एकेक विद्या एकेका चाचाकडून त्याला मिळते. मसाल्यांची नावे धारण करणारी ही चाचा मंडळी मुस्लिम आहेत. मुंबईच्या रक्षकाला घडवणारे घर कोणाचे, याचे जे उत्तर या कॉमिकने दिले, ते त्या काळातील भिंतींवरच्या घोषणांपेक्षा अगदी निराळे होते. डोगाचा खरा संघ हाच होय. ‘ब्रह्मांड रक्षक’ नंतर आले.

त्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक कुटुंबांनी घरे बदलली. काही मीरा रोडला आली, काही नालासोपारा आणि वसईकडे सरकली. स्वस्त घरांसाठी येणाऱ्यांची भर त्यात पडत गेली आणि विरार लोकलची गर्दी दरवर्षी वाढत राहिली. नव्याने आलेल्या मुलांची आणि गावातल्या मुलांची ओळख होण्याची जागा बहुधा शाळा, मैदान किंवा कॉमिक्सची देवघेव हीच असे.

अँथनी, पीटर आणि आपली वसई

वसईच्या वाचकाला या कॉमिक्समध्ये आणखी एक गोष्ट आपलीशी वाटण्यासारखी होती. याच दशकात राज कॉमिक्सने ‘अँथनी’ हा नायक आणला. अन्यायाने मारला गेलेला हा गायक-वादक थडग्यातून उठतो आणि ‘प्रिन्स’ नावाचा कावळा त्याचा सोबती असतो. त्याचे आडनाव गोन्साल्विस. हे नाव अर्थातच १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्याची आठवण करून देते. त्या गाण्यातील नाव मुळात संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, यांना केलेला मानाचा मुजरा होता. हे गुरू २०१२ मध्ये निवर्तले.

गोन्साल्विस, परेरा, डिसोझा, लोपीस ही आडनावे वसईत परकी नाहीत. पोर्तुगीज सत्तेचा तो वारसा असला, तरी ही आडनावे लावणारी माणसे मराठी बोलतात, शेती-वाडी करतात आणि मराठीत लिहितात. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस त्या काळी बहुधा दारूच्या गुत्त्यावर किंवा तस्कराच्या टोळीत भेटे. कॉमिक्समधला पीटर शिस्तीचा कॅडेट होता आणि अँथनी मध्यवर्ती नायक. आपल्या वर्गातल्या मुलाचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेले पाहणे, ही भुईगावसारख्या गावात लहान गोष्ट नव्हती.

त्या वर्षांत प्रत्यक्ष वसईतही एक संघ रस्त्यावर उतरला होता. १९९० मध्ये शासनाने वसई-विरार भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. येथील विहिरी, वाड्या आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी ‘हरित वसई संरक्षण समिती’ने लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीत ख्रिस्ती आणि हिंदू, बागायतदार आणि शिक्षक एकत्र होते. दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. दुपारी कमांडो फोर्सची कथा वाचणाऱ्या मुलाने संध्याकाळी वडीलधाऱ्यांना मोर्चाला जाताना पाहिले असेल, तर संघटित होण्याचा अर्थ त्याला दोन्हीकडून कळला असणार.

उणिवांकडे दुर्लक्ष नको

स्मरणरंजनाच्या भरात या कॉमिक्सचे दोष झाकले जाऊ नयेत. स्त्री-पात्रांची स्थिती फारशी चांगली नव्हती. ध्रुवची बहीण श्वेता ‘चंडिका’ या रूपात स्वतः लढते, शक्तीसारखी नायिका पुढे येते. तरी संघाचे निर्णय बहुतांशी पुरुष घेतात. चित्रांत कपड्यांचा अकारण तोटा आहे. खलनायकांच्या रंगरूपावरून त्यांची दुष्टता ठरवण्याची सवयही जागोजागी आढळते.

सर्वात गंभीर प्रश्न डोगाचा आहे. तो गुन्हेगाराला न्यायालयात नेत नाही, गोळी घालतो. नव्वदच्या दशकातील मुंबईत टोळीयुद्ध पेटले होते आणि पोलिसांच्या चकमकींना टाळ्या पडत होत्या. डोगाची लोकप्रियता त्या मनःस्थितीतून आली, हे मान्य करावे लागेल. ध्रुव मात्र जीव न घेण्याचे व्रत पाळतो. एकाच प्रकाशनाच्या दोन नायकांत हा तात्त्विक भेद आहे आणि ते एकत्र येतात तेव्हा तो उघडा पडतो. लहानपणी या वादाची पाने आम्ही भराभर उलटत असू. आज तीच सर्वांत सावकाश वाचावीशी वाटतात.

ओहोटी

या कॉमिक्सना ओहोटी लागण्याचे कारण एकच नव्हते. १९९२ मध्ये खासगी हिंदी वाहिनी आली, १९९५ मध्ये ‘कार्टून नेटवर्क’ भारतात दाखल झाले, १३ सप्टेंबर १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ दिसू लागला. दुपारचा जो वेळ कॉमिक्सचा होता, तो पडद्याने घेतला. भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने व्हिडिओ कॅसेटकडे, मग सीडीकडे वळली. अमेरिकेतही संग्राहकांच्या हव्यासावर फुगलेला बाजार याच दशकात कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘मार्व्हल’ने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेथील पात्रे चित्रपटांनी तारली. आपल्याकडील पात्रांना तसा आधार मिळाला नाही.

राज कॉमिक्स बंद पडले नाही. अलीकडच्या वर्षांत प्रकाशक कुटुंबातील भावंडांनी स्वतंत्र नाममुद्रांखाली काम सुरू केले आणि जुन्या अंकांची पुनर्मुद्रणेही निघाली. मात्र चकचकीत कागदावरची ही पुनर्मुद्रणे संग्राहकांसाठी आहेत. मूळ अंकांचा कागद, त्यातील जाहिराती, वाचकांची पत्रे आणि पुढील अंकाच्या घोषणा, म्हणजे त्या काळाचा खरा दस्तऐवज, जुन्या प्रतींतच आहे.

जतनाचा प्रश्न

वृत्तपत्री कागदात लाकडाचा लगदा असतो. हवा आणि उजेड लागला की त्यात आम्ल तयार होते, कागद पिवळा पडतो आणि मोडतो. किनारपट्टीच्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. ज्यांच्याकडे अशी कॉमिक्स असतील त्यांनी गंजलेल्या पिना काळजीपूर्वक काढाव्यात, आम्लविरहित कागदात किंवा पाकिटात प्रती आडव्या ठेवाव्यात, पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे. लॅमिनेशन करू नये. त्याने कागद कायमचा बिघडतो. स्वतःच्या नोंदीसाठी छायाचित्रे घेता येतील, पण स्वामित्वहक्क अबाधित असल्याने ती सर्वत्र प्रसृत करणे योग्य नाही.

वैयक्तिक पेट्या मात्र पुरेशा नाहीत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातील निवडक ग्रंथालयांना द्यावयाची असते. तरीही मुलांची कॉमिक्स सांभाळून ठेवावीत, असे गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना सहसा वाटले नाही. ते ‘वाचन’ मानलेच गेले नव्हते. पालक ती हिसकावून घेत, शिक्षक जप्त करत, रद्दीवाला वजनावर नेत असे. प्रताप मुळीकांसारख्या चित्रकाराच्या कामाचा अभ्यास उद्या कोणी करू म्हटले, तर त्याने सुरुवात कोठून करावी? वसई-विरारमधील एखाद्या ग्रंथालयाने एक कपाट या कामासाठी बाजूला काढले, तरी पुष्कळ होईल. घरोघरच्या माळ्यांवरून ते भरायला वेळ लागणार नाही.

आमच्या चळतीतील एका अंकाच्या मागील पानावर चुलतभावाने पेन्सिलने यादी केलेली आहे : कोणी कोणते कॉमिक नेले आणि कधी परत केले. सहा नावे आहेत. पाचांपुढे बरोबरची खूण. सहाव्यापुढे ती नाही. दोन भागांच्या एका कथेचा उत्तरार्ध त्याने नेला होता. पहिला भाग संपतो तेव्हा संघातील सारे नायक कैदेत आहेत आणि बाहेर फक्त पीटर, करीम व रेणू उरले आहेत. पुढे काय झाले, हे भावाला आठवत नाही. तो अंक आम्ही अजून शोधत आहोत.